खैरनार बाईंची मुद्दाम केलेली चूक

संपादकांनी फोन करून सांगितलं, "दत्ताभाऊ, लग्नांच्या शूटिंगचे किस्से लिहा. हसवा लोकांना." तसे माझ्याकडे ते पोतंभर आहेत. अंतरपाट उलटा धरलेला मी टिपला आहे, जेवणावरून दोन मामांची जुंपलेली टिपली आहे, आणि एका लग्नात तर चुकून भलत्याच नवरीच्या मागे अर्धा तास कॅमेरा घेऊन फिरलो आहे. पण हे किस्से मी चहाच्या टपरीवर कुणालाही ऐकवतो, त्यासाठी दिवाळी अंकाची पानं कशाला अडवायची? एकदाच लिहायला मिळतंय, तर मी गणितावर लिहिणार आहे. हसू नका. दहावीला गणितात सपशेल आपटलेला माणूस आहे मी. जे काही गणित मला येतं ते पन्नाशी उलटल्यावर, कॅमेऱ्यामागे उभं राहून शिकलो. ज्यांनी शिकवलं त्या खैरनार बाई गेल्या हिवाळ्यात गेल्या. त्यांच्यावर लिहू शकतील असे त्यांचे विद्यार्थी पुष्कळ आहेत, पण ते मोठ्या हुद्द्यांवर आहेत, त्यांना सवड नसते. म्हणून मी.

पंचवटीत माझा लहानसा स्टुडिओ आहे. ज्या वर्षी मंगल कार्यालयांना कुलपं लागली त्या वर्षी मी तिथे रोज जाऊन कॅमेरे पुसायचो आणि परत यायचो. लग्नं होत होती, पण चार माणसांत, आणि ती चार माणसं मोबाईलवरच शूटिंग करायची. अशात एक दिवस नाकापर्यंत पदर आणि त्यावर मुसकं अशा एक बाई दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "फळ्याचं शूटिंग करता का?"

मी म्हटलं, "कसला फळा?"

"काळा. खडूचा. मी गणित शिकवते. म्हणजे शिकवत होते, निवृत्त झाले. आता पोरं घरात बसलीत आणि शाळेतले नवे शिक्षक त्यांना मोबाईलवर काय शिकवतात ते बघवत नाही मला. मी दिसले नाही तरी चालेल, भाऊ. फळा दिसला पाहिजे."

लोकांना वाटतं फळ्याचं शूटिंग म्हणजे काय, कॅमेरा लावला की झालं. तसं नाही. नवरी हलते, लाजते, रडते, तिला कुठूनही पकडा, काहीतरी चांगलं हाती लागतंच. फळा हलत नाही पण चकाकतो. खिडकी उघडी ठेवली की अर्धा फळा पांढरा, बंद केली की बाई अंधारात. त्यात शिकवणारं माणूस लिहिताना नेमकं लिहिलेल्याच्या पुढे उभं राहतं. वर्गात पोरं माना वाकड्या करून बघतात, कॅमेरा मान वाकडी करत नाही. मी बाईंना शिकवलं, की एक ओळ लिहायची, डावीकडे एक पाऊल सरकायचं, मग बोलायचं. तीस वर्षं शाळेत काढलेल्या बाई माझ्यासमोर विद्यार्थ्यासारख्या सराव करायच्या. चुकलं की स्वतःच म्हणायच्या, "परत."

आवाजाचं तर विचारूच नका. शूटिंग त्यांच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमधल्या पुढच्या खोलीत चालायचं. पंखा लावला तर माईकमध्ये वादळ, बंद केला तर मे महिन्यात आम्ही दोघं घामाने निथळणार. पंखा बंदच ठेवायचो. खाली भंगारवाला ओरडला की थांबायचं. शेजारच्या वहिनींचा कुकर हा सर्वांत मोठा शत्रू. शेवटी बाईंनी जाऊन त्यांना समजावलं, तेव्हापासून त्या दारातून डोकावून विचारायच्या, "झाला का हो अपूर्णांक? मग डाळ लावते." त्या जिन्यातल्या सगळ्या बायकांना त्या वर्षी अभ्यासक्रम कुठवर आला ते ठाऊक असायचं.

पहिला व्हिडिओ मी हौसेनं सजवला. हाताला सवय लग्नांची, त्यामुळे सुरुवातीला सनई घातली, बाईंचं नाव आलं तेव्हा वरून गुलाबाच्या पाकळ्या पाडल्या, आणि दोन अपूर्णांक एकत्र आले तिथे दोन हृदयं जोडली. बाईंनी तो शांतपणे शेवटपर्यंत पाहिला. बाई मूळच्या सटाण्याकडच्या, एरवी अगदी पुस्तकी बोलायच्या, पण फार हसू आलं किंवा फार राग आला की घरची अहिराणी बाहेर पडायची. म्हणाल्या, "हाई काय शे, भाऊ? छेदांचं लग्न लावलंत का?" पाकळ्या गेल्या, सनई गेली. मग राहिला तो फळा, खडूचा आवाज आणि बाई.

एवढ्या साध्या व्हिडिओत असं काय होतं की ते कुणी बघावं, असं मलाही वाटायचं. एकदा बाईंना विचारलं, "वर्गात समोर पोरं असतात तशी मजा इथे येते का?" त्या म्हणाल्या, "मजा नाही येत. पण भाऊ, वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला एखादी पायरी समजली नाही तर ते विचारत नाही. लाजतं. आणि गणितात एक पायरी गेली की पुढची सगळी जातात. इथे ते पोर मला मागे ओढू शकतं. पुन्हा सांगा, पुन्हा सांगा. मी चिडत नाही, कंटाळत नाही, वर्गातली बाकीची हसत नाहीत." हे ऐकताना मी उगाच तिपाईचा स्क्रू पिळत बसलो. मागच्या बाकावरचं ते पोर मी होतो. माझ्या वेळी कुणाला मागे ओढायची सोय असती तर कदाचित मी लग्नांऐवजी दुसरं काहीतरी केलं असतं. तक्रार नाही, पण वाटतं कधीकधी.

बाईंचा फोन साधा, बटणांचा होता, म्हणून व्हिडिओखाली माझा नंबर दिला होता. मग काय, लग्नाच्या तारखा विचारणारे फोन बंद आणि गणिताचे सुरू. देवळ्याहून एक ताई फोन करायच्या. दिवसभर कांदा निवडायचं काम, शिक्षण सातवी. मुलीच्या अभ्यासाला बसता यावं म्हणून आधी स्वतः बघायच्या. एकदा त्यांचा आनंदाने फुटणारा आवाज आला, "दादा, आज पोरीनं मला इचारलं! बापाला नाय इचारलं, मला इचारलं!" घोटीचे एक काका भाताच्या गिरणीत कामाला होते, नातू शाळेत जायच्या वयात स्वतः दहावीला बसले होते. ते फक्त भांडायला फोन करायचे. "बाईंना सांगा, फळा एवढ्या घाईनं पुसू नका. आमची बोटं जड हायेत." मी सांगायचो की व्हिडिओ थांबवता येतो. ते म्हणायचे, "मी का थांबवू? बाईंनी थांबायला पायजे." बाईंना हे इतकं पटलं की पुढच्या प्रत्येक धड्यात फळा पुसायच्या आधी त्या म्हणायच्या, "घोटीकर, झालं का?" ते काका पास झाले. पेढे घेऊन थेट इंदिरानगरला आले, आणि बाईंच्या पाया पडून वर पुन्हा तक्रार केली, की भूमितीत खडू फार बारीक लावता.

आता मुद्द्याचं सांगतो. बाईंची एक पद्धत होती. त्या प्रत्येक धड्यात मध्येच एक चूक करायच्या. मुद्दाम. पोरं हटकून जी चूक करतात नेमकी तीच, आणि अशा गंभीर चेहऱ्याने की समोरच्याला संशयही येऊ नये. तसंच पुढे जाऊन उत्तर काढायच्या, खाली दोन रेघा मारायच्या, हात झटकायच्या. मग म्हणायच्या, "चला, ताळा करू." ताळा म्हणजे आलेलं उत्तर दुसऱ्या वाटेने तपासून बघणं. ताळा जुळायचा नाही. बाई फळ्याकडे बघायच्या, पोरांकडे बघायच्या आणि गप्प उभ्या राहायच्या. वर्गात म्हणे या वेळी गलका व्हायचा. पोरं बाकांवर उभी राहून ओरडायची, "बाई, तिथं चुकलं! तिसऱ्या ओळीत!" आणि बाई हरल्यासारखा चेहरा करून म्हणायच्या, "अरेच्चा! मग सांगा, काय करू?" शिक्षिकेची चूक आपण पकडली, हा आनंद ज्याला एकदा मिळाला ते पोर ती चूक जन्मात करत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि पटकन पाठ होणाऱ्या गणितापेक्षा, मोठं माणूसही चुकू शकतं आणि ते आपण तपासून बघू शकतो, हे पोरांना कळणं त्यांना जास्त मोलाचं वाटायचं.

तुम्हाला एक उदाहरण देतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. आठवीला एक सूत्र असतं. दोन संख्यांची बेरीज करून तिचा वर्ग केला तर काय येतं? म्हणजे तीन आणि चार मिळवायचे आणि जे येईल त्याला त्यानेच गुणायचं. बहुतेक पोरं सरळ तीनचा वर्ग नऊ, चारचा वर्ग सोळा, बेरीज पंचवीस असं लिहितात. बाईंनीही फळ्यावर तसंच लिहिलं. मग ताळा. तीन आणि चार सात, साती साते एकोणपन्नास. कुठे पंचवीस, कुठे एकोणपन्नास! बाई गप्प. कॅमेऱ्याच्या काचेकडे बघत उभ्या. मी कॅमेरा थांबवायला हात उचलला, तर त्यांनी मान हलवली, असू दे. मग त्यांनी एक मोठा चौरस काढला. एक उभी रेघ, एक आडवी रेघ. एका कोपऱ्यात नऊचं घर, समोरच्या कोपऱ्यात सोळाचं घर. "आणि ह्या दोन खोल्या कुणाच्या?" तीन चोक बारा, इकडे एक आणि तिकडे एक. "ह्या दोन खोल्या आपण विसरलो होतो." नऊ, सोळा, बारा, बारा. एकोणपन्नास. एवढी वर्षं ते सूत्र मला शिव्या दिल्यासारखं आठवायचं, आणि ते एवढं साधं, चार खोल्यांचं घर होतं.

मला एक काळजी मात्र पहिल्यापासून वाटायची आणि ती मी बाईंना बोलूनही दाखवली होती. "बाई, लग्नाचा व्हिडिओसुद्धा कुणी पूर्ण बघत नाही, आपला फोटो आला की बंद करतात. तुम्ही चूक करता आणि सुधारता त्या मधल्या वेळात कुणी उठून गेलं तर?" त्या हसल्या. "गणित अर्ध्यात सोडून कोण जाईल, भाऊ?" त्यांचं सगळं आयुष्य वर्गात गेलं होतं. वर्गात दार लोटलेलं असतं आणि तास संपल्याशिवाय घंटा होत नाही.

व्हिडिओ चालले. शाळा उघडल्या, लग्नं सुरू झाली, तरी आम्ही आठवड्यातून एक दुपार धरून ठेवली होती. आणि मग एक दिवस कुणीतरी त्या चौरसाच्या धड्यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापून सोडून दिला. फक्त चूक. बाई ठामपणे पंचवीस लिहितात, खाली दोन रेघा मारतात, बस. वर लिहिलेलं, "ह्या शिकवतात आपल्या मुलांना." खाली हसणारे चेहरे. तो तुकडा या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरत माझ्या साडूकडून माझ्याकडेच आला. बाईंच्या जुन्या शाळेच्या ग्रुपवरही गेला. काही जुने सहकारी म्हणाले, वय झालं आता बाईंचं.

माझं डोकं फिरलं. असला तुकडा कापणाऱ्याचे हात कलम करावेत, असं मी काहीबाही बोलत बाईंकडे गेलो. बाई गवार मोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "हसू द्या की. निदान एवढ्या लोकांना ते चूक आहे हे कळतं, हे काय वाईट आहे? पूर्वी एवढ्यांना कळत नव्हतं." आणि खरंच, त्यांच्या मनाला ते लागलं नव्हतं. हसणाऱ्यांना उत्तर ठाऊक होतं, म्हणजे त्यांची काळजी करायचं कारण नव्हतं.

लागलं ते पुढे, एका फोनने. उन्हाळा सुरू होत होता. पेठकडच्या एका पाड्यावरून भोये म्हणून एक गृहस्थ बोलत होते. आवाज हळू, रेंज जातयेत होती. "ते गनितवाल्या बाईंशी बोलायचं व्हतं." मी नेमका बाईंकडेच होतो. फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"बाई, राग नाय हां तुमच्यावर. येक इचारायचं व्हतं. माझी पोर जयवंती, आठवीला हाय. तिच्या शाळेत गनिताला मास्तर नव्हता लय दिवस. नाशिकला येक शाळा हाय, नववीपासून ठिवून घेत्यात, खानं-पिनं, पुस्तकं, समदं. तिची परीक्षा व्हती. पोर टेकडीवर जाऊन माझ्या मोबाईलवर तुमचं बघायची. खाली रेंज नाय ना. वरपन धड येत नाय, मधेच तुटती, येकबी धडा पुरा नाय झाला. तर ते वर्गाचं गनित तिनं तुमचं बघून केलं. परीक्षेत तसंच लिवलं. थोडक्यात नंबर हुकला. आता नवा मास्तर आला, तो म्हनतो हे चूक हाय. पोर त्याच्याशी भांडली. म्हनती, बाई नाशिकच्या हायेत, त्या चुकायच्या नाय. मास्तर म्हनतो, हाय चूक. आता मी अडानी मानूस. खरं काय, तेवढं सांगा."

बाईंनी सावकाश विचारलं, "तिने व्हिडिओ किती पाहिला?"

"पंचवीस येतंय तवर. तितं तुटला. मंग डाटा संपला."

बाईंचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता. त्या फोनमध्ये म्हणाल्या, "भोयेदादा, मास्तर बरोबर आहेत. पण तुमची पोर चुकलेली नाही. मी चुकले. हे मी तिला स्वतः येऊन सांगते." ते म्हणाले, आता ते सगळे पाड्यावर नसतील, दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागेत कामाला जाणार आहेत, पोरही येतेय, शाळेत काय ठेवलंय आता. बाईंनी बागेचा पत्ता लिहून घेतला.

त्या दुपारी बाईंनी त्या नाशिकच्या शाळेत फोन केला. मी शेजारी बसून ऐकत होतो. आधी ओळख सांगितली, मग सगळी हकिगत, मग विनंती, की पोरीला एकदा पुन्हा बसू द्या. पलीकडचा माणूस चांगला होता, उर्मट बोलला नाही. यादी लागली, जागा भरल्या, आणि ते फक्त नववीलाच घेतात, पुढच्या वर्षी तिला बसता येणार नाही, एवढंच तो सांगत राहिला. बाईंनी आभार मानले आणि फोन माझ्या हातात दिला.

मग म्हणाल्या, "सगळ्या धड्यांतल्या चुका कापून टाका."

मी म्हटलं, "बाई, एका पोरीसाठी? शेकडो पोरं शेवटपर्यंत बघतात. त्यांना त्यातच तर मजा येते."

"किती टेकड्या आहेत, भाऊ? किती ठिकाणी तुटत असेल?"

मी कापायला बसलो. बाहेरच्या माणसाला वाटेल, कापणं म्हणजे कात्री चालवणं. पण बाईंची चूक धड्यात मुरलेली असायची. ती काढली की फळ्यावरचा खडू एकदम उडी मारायचा, बाई डावीकडे असताना अचानक उजवीकडे दिसायच्या. ते सांधे झाकायला मी मध्ये नुसता फळा दाखवायचो. एका व्हिडिओत चूक गेली की ताळ्याचा अर्थ जायचा, ताळा काढला की ते गप्प उभं राहणं जायचं, आणि ते काढलं की "अरेच्चा" जायचं. काम संपलं तेव्हा सगळे धडे आखूड, सरळ आणि अगदी बिनचूक झाले होते. मला ते कापताना फार वाईट वाटलं. चांगल्या माणसाच्या फोटोतून त्याचं हसू पुसून टाकण्यासारखं काम होतं ते. आणि खरं सांगू, त्यानंतर ते व्हिडिओ आधीपेक्षा जास्त चालले. लोक लिहू लागले, किती छान, किती थोडक्यात, थेट मुद्द्याचं. आजही लिहितात. बाईंनी त्यानंतर नवा धडा केला नाही, शेवटपर्यंत केला नाही. माझी ती दुपार पुढेही मोकळीच राहिली. मी जायचो, चहा प्यायचो, फळ्यावर तारीखसुद्धा नसायची.

पण बागेत जायचं बाईंनी सोडलं नाही. भोये कुटुंब तिथे पोहोचल्याचं कळलं, त्याच आठवड्यात आम्ही माझ्या जुन्या व्हॅनमधून निघालो. बाईंनी पिशवीत पाटी आणि खडू घेतले होते. वाटेत एकदाच म्हणाल्या, "ती रागावली असेल तर बरं होईल."

बाग मोठी होती. काढणी जोरात चालू होती, कडेला द्राक्षं भरायच्या कॅरेटच्या थप्प्या लागल्या होत्या. वेलींच्या मांडवाखाली बायका-पोरी ओळीने बसून घडांतले खराब मणी छोट्या कात्रीने काढत होत्या. भोये धावत पुढे आले. बारीक, काळासावळा माणूस, त्यांना आमचं काय करावं ते कळेना. त्यांनी बसायला दोन कॅरेट उलटे घातले आणि हाक मारली. जयवंती आली. चौदा वर्षांची असेल. डोक्याला रुमाल बांधलेला, हातात कात्री तशीच. बाईंकडे बघून ती इतकी लाजली की ओढणीचं टोक तोंडात धरून उभी राहिली. बापाच्या मोबाईलच्या लहानशा पडद्यातली बाई समोर खरीखुरी येऊन बसली होती. राग कुठेच नव्हता.

बाईंनी तिला शेजारी बसवून घेतलं. पाटीवर तोच चौरस काढला. एक उभी रेघ, एक आडवी. नऊ, सोळा. मग त्या दोन खोल्यांवर बोट ठेवून थांबल्या. पोरगी एका क्षणात म्हणाली, "बारा. अन् ह्यो बी बारा." बाईंना पुढे काही सांगावंच लागलं नाही. भोये मागे उभे राहून पाटीकडे बघत होते, जणू पोरीचं कुणी कौतुक करतंय तर आपण मध्ये येऊ नये.

"तुला येतं की सगळं," बाई म्हणाल्या. "माझंच चुकलं, जयू. मी ते मुद्दाम चुकीचं लिहिलं होतं. पोरांनी ताळा करावा आणि चूक शोधावी म्हणून. पुढे मी ते सुधारलं होतं, पण तुला ते दिसलंच नाही."

पोरीने थोडा विचार केला. कात्री उघडली, मिटली.

"मी केला व्हता ताळा," ती म्हणाली.

बाईंनी मान वर केली.

"टेकडीवरच केला. ते तुटलं मंग बसून केला, खडकावर दगडानं. तीन अन् चार सात. साती साते एकोनपन्नास. दोनदा केला. एकोनपन्नासच आलं."

"मग?"

"तुमी तर पंचवीस लिवलेलं. मला वाटलं माझाच ताळा चुकला. मंग मी माझं खोडलं."

बाईंच्या हातातली पाटी मांडीवर टेकली. तीस वर्षं ज्या पोरीची त्या वर्गात वाट बघायच्या, गप्प उभ्या राहून, ती ही होती. तिने चूक शोधली होती, कुणी न सांगता, एकटीने. आणि बाईंवरच्या विश्वासापायी स्वतःचं बरोबर उत्तर पुसून टाकलं होतं. मी कॅरेटच्या थप्प्यांकडे बघत राहिलो.

बाईंनी तिचा हात हातात घेतला. द्राक्षांच्या रसाने तो चिकट झाला होता. "तुझं बरोबर होतं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटला होता, वर्गातल्या बाईंचा तो आवाज नव्हता. "ऐकलंस का? तुझंच बरोबर होतं गं."

जयवंतीचा चेहरा एकदम उजळला. तिने बापाकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"मंग आता घेतील मला त्या शाळंत?"

बाईंनी तिचा हात सोडला नाही. त्यांना तिच्याशी खोटं बोलणं शक्य नव्हतं, आता तर मुळीच नाही.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "परीक्षा होऊन गेली."

पोरीने मान हलवली, कात्री सरळ केली आणि उठून आपल्या घडापाशी जाऊन बसली.